चुना मारल्यासारखं हसू

टोकावड्याच्या बारकूची मुलगी सारिका हसली की दातांपेक्षा हिरड्या जास्त दिसत. त्यापायी दोन स्थळं परत गेली होती. तिसरं वैशाखरे गावचं. तिथला मुलगा धनेश तिला एका हळदीत पाहून गेला होता, तिलाही तो पसंत होता. घरात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशीच सकाळी तोंडाचं काम उरकायचं, असं बारकूने ठरवलं. घराला चुनासुद्धा पाहुणे यायच्या तोंडावरच मारतात. ताजा दिसतो.

मुरबाडच्या डॉक्टरांनी ओठ उचलून पाहिलं. "कुणाचा ओठच फार वर जातो, कुणाचा जबडा लांब असतो. हिचं तसं नाही. दात पुरेसे लांब आहेत, हिरडी त्यांच्यावर उतरलीय. ती कापता येईल. पण करायलाच हवं असं नाही. दुखत नाही ना?"

"पाव्हण्यांना दुखतंय," बारकू म्हणाला.

इंजेक्शनं दिली. वरचा ओठ सारिकाचा राहिला नाही. डावी बाजू झाली आणि लाइट गेली. २००५ साल होतं, लाइट जायचीच. "उजवी पुढच्या शुक्रवारी," डॉक्टर म्हणाले.

दुपारी धनेशसह पाहुणे आले. शेजारच्या ठकीने पोहे केले होते. सारिकाने घोटभर चहा घेतला, साय वरच्या ओठाला चिकटून राहिली. तिला पत्ता नव्हता.

"हस गो जरा," धनेशची आई चंद्रकलाबाई म्हणाली.

सारिका हसली. निदान तिला तसं वाटलं. ओठ जागचा हलला नाही. हळदीत हसताना पाहिलेलं तोंड धनेशलाही ओळखू येईना.

चंद्रकलाबाईने बशी खाली ठेवली. "बारकूदादा, आमच्या पोरानं हसरी पाहिली व्हती. तुमी थोरलीला पुढं केली."

"मला एकच पोर हाय!"

"सगले असाच सांगतात."

पाहुणे रागाने ओट्यावर जाऊन बसले. निघून जाता येईना. एसटी संध्याकाळी होती. रागामुळे दुसऱ्यांदा पोहे घेतले नाहीत, चहा घेतला. सारिका दाराशी उभी होती. आपलं लग्न मोडतंय हे तिला कळत होतं, पण तेही ओठासारखंच, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

ऊन उतरल्यावर बारकूने ठकीला साक्षीला आणलं.

"सारिकाच हाय," ठकी म्हणाली. "पन आज तोंड कुनाचा लावलाय, देवाला ठाव."

सारिकाला हसू फुटलं. ओठ एव्हाना परत आला होता. डावीकडे दातच दात, उजवीकडे जुनी हिरडी.

धनेश उठला. "आये, उजवीकडना बघ. हीच ती!"

"आन डावीकडं कोन हाय?"

बारकूने सगळं सांगितलं. धनेश म्हणाला, "मंग उजवी राहू द्या तशीच. मला चालते."

आता तिचं काय म्हणणं म्हणून सगळे सारिकाकडे पाहू लागले. दिवसभरात पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारत होतं. तिने ओठाला बोट लावलं. दुखत होतं.

"तुमी पसंत हाव मला," ती म्हणाली. "पन शुक्रवारी मी जानार. अर्धा काम टाकत नाय मी."

चंद्रकलाबाईने मुलाकडे पाहिलं. "कामाची हाय रे," ती म्हणाली, आणि पोह्यांची बशी परत मागवली.

शुक्रवारी उजवी बाजू झाली. शनिवारी लग्नाची सुपारी फुटली. सगळ्यांनी तोंडात टाकली. सारिकाला डॉक्टरांची मनाई होती.