निषेधातलं एक वाक्य

आमचे हे मशिदीत इमाम आहेत. म्हणजे जगात कुठेही बॉम्ब फुटला की पहिला फोन आमच्या घरी. मौलाना, निषेधाचे दोन शब्द बोला. ह्यांनी आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही, घरात झुरळ निघालं तरी मलाच हाक मारतात, पण निषेध मात्र ह्यांनीच करायचा. मशिदीच्या कमिटीकडे त्याचा मजकूर तयारच असतो. गावाचं नाव तेवढं बदलतात.

या वेळी त्या जागी आमच्याच गावाचं नाव आलं. बसस्टँडवर स्फोट झाला. त्यात दवाखान्यातल्या नर्सबाई गेल्या. माझं ब्लडप्रेशर बघून मीठ कमी करा म्हणून मला दर वेळी झापायच्या, त्या. आणि बॉम्बची पिशवी घेऊन जाणारा, जो स्वतःही त्यातच मेला, तो आमच्या मागच्या गल्लीतला वायरमन निघाला. मशिदीतले पंखे त्यानेच बसवलेले. लहानपणी ह्यांच्यापुढे मांडी घालून अक्षरं शिकलेला.

जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या, आदल्या दिवशी कमिटीचे चेअरमन कागद घेऊन आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्या सकाळी कुणीतरी त्याच्या शटरवर दगड मारले होते, त्यामुळे बिचारे आधीच हादरलेले होते. त्यांनी उभ्या उभ्याच कागद वाचून दाखवला. सगळं ठीक होतं. शेवटी लिहिलं होतं : तो आपल्यातला नव्हता, आपला त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

ह्यांनी चष्मा काढला. म्हणाले, बाकीचं शब्दन्‌शब्द वाचतो, हवं तर आणखी कडक बोलतो, पण हे वाक्य खोटं आहे. चेअरमननी आधी गोडीत समजावलं. मग आवाज चढला. या एका वाक्यावर सगळ्यांच्या घरांच्या काचा शाबूत राहणार आहेत, म्हणाले, आणि तुम्ही राहता ते घर कमिटीचं आहे हेही लक्षात असू द्या.

ते गेल्यावर माझं डोकंच फिरलं. मी ह्यांना सरळ सांगितलं, वाचा आणि मोकळे व्हा. या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहू? एक वाक्य तर आहे, जीभ झडणार आहे का? हे शांतपणे ऐकत राहिले, आणि ह्यांच्या शांतपणाचाच मला जास्त संताप येतो.

"परका म्हटलं की हात झटकून घरी जाता येतं," हे म्हणाले. "मग पुढचा कोण तयार होतोय, ते कोण बघणार?"

तुम्ही एकटेच उरलात वाटतं बघायला, असं मी फाडकन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मशीद गच्च भरली. आम्ही बायका नेहमीसारख्या पडद्याच्या मागे बसलो होतो, आणि वायरमनची आई आत आली. स्फोट झाल्यापासून पोलिसांशिवाय तिच्या उंबऱ्यात कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. ती बसली तशा आजूबाजूच्या बायका सरकल्या. मीही माझी चटई ओढून घेतली. मला तिचा राग आला होता. नर्सबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

नमाजाच्या आधी हे बोलायला उभे राहिले. निरपराध माणसाला मारणं हराम आहे, यात पण-बिण काही नाही, असं ह्यांनी ठणकावून सांगितलं. गेलेल्यांची नावं घेतली. मग कागदाची घडी केल्याचा आवाज आला. पुढच्या रांगेतून चेअरमन खोकले. तो खोकला मी कुठेही ओळखेन.

"इथे लिहिलंय, तो आपल्यातला नव्हता," हे म्हणाले. "हे मी वाचणार नाही. तो आपल्यातलाच होता. त्याने खून केले, आणि खुनी आपला आहे म्हणून मला मान वर करता येत नाही. परका असता तर आपण हळहळून घरी गेलो असतो. आता तसं जाता येणार नाही. त्याच्याबरोबर आणखी कोण होतं, हे इथे कुणाला ठाऊक असेल तर त्याने सांगावं. पोलिसांकडे मी सोबत येतो."

पलीकडे कुजबुज सुरू झाली. दोघंतिघं उठून गेल्याचं पावलांवरून कळलं. झालं, मी मनात म्हटलं, आता भांडी बांधायला घ्यायची.

तेवढ्यात माझ्या शेजारी वायरमनची आई उभी राहिली. तिचा धाकटा मुलगा स्फोटाच्या आधीच कामासाठी परगावी गेलाय, असं ती सगळ्यांना सांगत होती. पोलिसांनाही तिने तेच सांगितलं होतं. ती पडद्याकडे तोंड करून बोलायला लागली.

"मौलाना, माझा धाकटा कुठेही गेलेला नाही. माझ्या भावाच्या गोदामात आहे. मीच लपवलाय. बाकीच्यांची नावं त्याला माहीत आहेत."

तिने पदराने तोंड पुसलं.

"तोही आपल्यातलाच ना?"

"हो, आपा," हे म्हणाले. "तोही."

"मग नमाज झाली की चला माझ्याबरोबर. एकटीने माझ्याच्याने होणार नाही."

नमाजाला उभं राहताना मी माझी चटई परत तिच्या चटईला लावली. बाहेर आलो तर चेअरमन दारातच उभे होते. ते ह्यांच्याकडे न बघताच बाजूला झाले. हे पुढे चालायला लागले. मी तिचा हात धरला. घर राहतं की जातं, हा विचार रस्त्यात माझ्या मनात आलाच नाही, असं मी म्हणणार नाही. गोदामापर्यंत तोच विचार येत होता. पण तिचा हात काही मी सोडला नाही.