म्रिकाच्या पंपावरचं डिझेल

म्रिकाच्या पंपावर भरलेलं डिझेल गाडीला कुठवर नेतं, हे त्या डोंगरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पंप सोडला की रस्ता वळणावळणाने श्कोदर शहराकडे उतरत जातो. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी अशी अडचणीची जागा आली की इंजिन दोन आचके द्यायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं. मग तो लाकडांचा ट्रक असो, म्हातारी मर्सिडीज असो की नवरीला आणायला निघालेली फुलांची गाडी. तिथे काळ्या दगडावर म्रिकाच्या मुलाचा, ज्योवालिनचा, चेहरा कोरलेला होता. मोटारसायकल घसरून तो सकाळभर त्या जागी पडून राहिला होता आणि गाड्या बाजूने निघून गेल्या होत्या. कोणी थांबलं नव्हतं.

आता सगळे थांबत होते.

श्कोदरचा मेकॅनिक फिल्टर खोलायचा आणि आतलं सगळं काचेच्या बरणीत ओतून दाखवायचा. खाली पाणी, वर तरंगणारं डिझेल. "पालोक, टाकीत मासे सोड," तो म्हणायचा, "निदान शुक्रवारच्या बिनमटणाच्या जेवणाची तरी सोय होईल."

पालोक हसण्यावारी न्यायचा. त्याची व्हॅन वरच्या गावांतली माणसं शहरात नेई-आणी, आणि वरच्या गावांना पंप तो एकच. तपासणीवाले येऊन गेले होते, पण त्यांच्या बाटलीत आलेलं डिझेल अगदी नितळ निघालं. शिवाय मुलगा गेलेल्या बाईशी पाण्यावरून कोण भांडणार?

पण पालोकच्या थोरल्या भावाची, झेफची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि हसणं संपलं. आठवड्यातून तीनदा त्याला श्कोदरच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. मागच्या सीटवर अंगावर कांबळं घेऊन तो आडवा पडायचा. उशीर झाला की त्याची खाट दुसऱ्याला जायची, आणि एक खेप हुकली की पाणी थेट छातीत चढायचं.

"गाडीच्या टाकीत पाणी, माझ्या अंगात पाणी," झेफ म्हणाला, "दोघांना एकदमच मशीनला लाव."

त्याच दिवशी वळणावर व्हॅन बंद पडली आणि त्याची खेप हुकली. रात्रभर तो उशांना टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत राहिला. सकाळी पालोक पंपावर गेला तेव्हा म्रिका फडक्याने नळी पुसत होती.

"काकू, डिझेलमध्ये पाणी तुम्ही घालता?"

"घालते की," ती म्हणाली. ताकात मीठ घालता का, असं कोणी विचारल्यासारखी. "बेताने घालावं लागतं. जास्त झालं तर गाडी इथेच दारात बसते. कमी पडलं तर पार शहरात पोचते."

"पण का?"

"लोक उतरतात. बॉनेट उघडतात, शिव्या देतात. मग करण्यासारखं काही उरलं नाही की माझ्या ज्योवालिनकडे बघतात. एकाने सिगारेट पेटवून ठेवली होती त्याच्यापुढे. माझ्यासमोर कधी ओढायचा नाही हो तो."

"काकू, काल माझा भाऊ मेला असता."

तिचं फडकं थांबलं. "झेफ? तो असतो तुझ्या गाडीत?"

"मागे. आडवा."

म्रिकाने नळी जागेवर अडकवली. मग म्हणाली, "तुझ्यासाठी वेगळं पिंप ठेवते. थेंबभर पाणी नसेल त्यात. पण तू आपणहून थांबायचं. प्रत्येक वेळी. इंजिन बंद करून." तिने हात पुढे केला. पालोकने त्यावर हात ठेवून शब्द दिला. त्या डोंगरात माणसाचं घर जळालं तरी चालतं, शब्द राहावा लागतो.

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. पालोक वळणावर थांबायचा, किल्ली फिरवायचा. मग अशी शांतता पसरायची की झेफच्या छातीतली घरघर ऐकू यायची. पालोकला आधी ओशाळल्यासारखं होई. नंतर नंतर मात्र मान वळवून दगडाकडे बघणंच त्याने सोडून दिलं. दगडावरचं पोरगं आपल्याकडे बघत नाही, गाडीतल्या रिकाम्या जागा मोजतंय, असं त्याला एकदा वाटलं होतं.

हिवाळ्यात बर्फाने रस्ता अडला. तो मोकळा झाला तोवर झेफचे ओठ निळे पडले होते. पंपावर म्रिकाने पिंपातून डिझेल भरलं, आत डोकावून झेफला पाहिलं. थांबू नकोस, असं मात्र ती म्हणाली नाही.

पहिल्याच उतारावर पालोकने ठरवलं. शब्द मोडायचा. भाऊ एकच आहे.

वळण आलं. त्याने फक्त वेग कमी केला, तेवढा करावाच लागतो. तेवढ्यात मागचं सरकतं दार घसरल्याचा आवाज झाला आणि थंड वारा त्याच्या मानेवर आला.

"चढ, चढ," झेफ धापा टाकत म्हणत होता, "थांबायला वेळ नाही रे. ये असाच."

दार लागलं.

"दादा, कोणाशी बोलतोयस?"

"म्हातारीच्या पोराशी. इतके जण थांबले म्हणतो, पण चल म्हणून कोणी म्हटलं नाही." मग जरा वेळाने, त्रासिक आवाजात, "अरे, सरकतो ना. पाय तरी घेऊ दे."

आरशात पाहायचं नाही, एवढं एकच पालोकने थेट दवाखान्यापर्यंत पाळलं. परिचारिकांनी झेफला उचलून नेलं. मागे कांबळं पडलं होतं, नीट घडी घातलेलं. झेफने जन्मात कधी कशाची घडी घातली नव्हती.

झेफ वाचला. संध्याकाळच्या आत ते परत निघाले. वळणावर पालोकने गाडी थांबवली, उतरून सरकतं दार सताड उघडलं आणि खाली बघत उभा राहिला.

"लाव ते दार, गारठलो," झेफ आतून म्हणाला. "तो नाही उतरायचा. घरी चाललाय."

पंपावर म्रिका दारातच होती. पालोकने टोपी काढली. "काकू, मी थांबलो नाही आज. शब्द मोडला."

ती आत गेली आणि कॉफीचा ट्रे घेऊन आली. पालोकने तिच्या पायांकडे पाहिलं. शब्द मोडणाऱ्याला तिथे कप हातात देत नाहीत, पाय उचलून गुडघ्याखालून पुढे करतात. पुढे माणसाने तो प्यावा किंवा गाव सोडावं. पण म्रिकाने त्याला सरळ हाताने कप दिला. दुसरा झेफला दिला. मग वाकून तिसरा कप तिने झेफच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला.

"साखर जास्त घातलीय," त्या सीटकडे बघून ती म्हणाली. "पी आणि चल आत. किती वाळलास रे."

त्यानंतरच्या खेपेला व्हॅन पंपावर आली, तर म्रिकाने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं. पालोकने इंजिन बंद केलं. तिने पिंपाला हात लावला नाही. सगळ्यांसाठीच्या नळीने डिझेल भरलं आणि झाकण आवाज न करता फिरवलं.

"आता तिथे थांबायची गरज नाही," ती कुजबुजली. "आणि गाडी इथे चालू करू नकोस. आत्ताच कुठे डोळा लागलाय त्याचा."

तिच्या घराच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. पडद्याच्या वर काच आतून धुरकट झाली होती. म्रिकाच्या घरात हल्ली चूल सोडता कसला धूर नसे, आणि चूल तर मागच्या बाजूला होती.

"दादा, उशीर होईल," पालोक हळूच म्हणाला.

"होऊ दे थोडासा," झेफ म्हणाला, तोही तितक्याच हळू.

पालोकने हँडब्रेक सोडला. व्हॅन कुरकुरली, मग उताराला लागली. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा जड झाला होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत त्याने पहिलं वळण घेतलं, आणि घर पाठीमागे पार दिसेनासं झाल्यावरच किल्ली फिरवली.