फौजींच्या लाकडी पायाची साक्ष

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा, बलभीम फौजींचा. टाच झिजलीय, चामड्याचा पट्टा उंदरांनी कुरतडलाय. तरी आज तुमच्या वर्गातल्या टेबलावर मला मानानं ठेवलंय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म पुण्याचा. जखमी जवानांसाठी पाय बनवणाऱ्या कारखान्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला कानशीनं घासून घडवलं. माप घेताना त्यानं फौजींना विचारलं, पाय कसा गेला? फौजींनी खरं ते सांगितलं. ते लष्करात ट्रक चालवायचे. डोंगरातल्या चढावर ट्रक पंक्चर झाला. चाकामागं दगड लावायचा राहिला आणि हे खाली वाकून चाक खोलायला लागले. ट्रक मागं सरकला. जोडीदार नबीलालनं ओढून काढलं म्हणून जीव वाचला. ना लढाई, ना गोळी. मिस्त्री नुसता मान हलवून पुन्हा कामाला लागला. मी मात्र ते ऐकून ठेवलं.

आम्ही येडशी स्टेशनात उतरलो तेव्हा सगळं गाव न्यायला आलं होतं. हलगी वाजत होती. हारतुऱ्यांच्या गडबडीत कुणीतरी ओरडलं, आमच्या बलभीमानं सीमेवर पाय दिला! फौजींची आई धुरपदाबाई पदरानं डोळे पुसत पुढं आल्या. त्यांच्या तोंडाकडं बघून फौजी गप्प बसले. खोटं एक अक्षर बोलले नाहीत, नुसते गप्प बसले. पण गप्प बसलेल्या माणसाच्या नावावर लोक काय काय खपवतात, देवा! पहिल्या पंधरा ऑगस्टला भाषणात सुरुंग फुटला. दुसऱ्या वर्षी तीन शत्रू आले. पाचव्या वर्षी फौजींनी म्हणे पाय तुटल्यावरही चौकी सोडली नव्हती. आत पट्ट्याखाली मला घाम फुटायचा.

पुढं गावानं त्यांना सरपंच केलं. एकदा नाही, दोनदा. कामाला माणूस वाघ होता, हे मी शपथेवर सांगेन. माकणीच्या धरणाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचावं म्हणून आम्ही कालव्याच्या कडेनं किती चाललो त्याला गणती नाही. मी चिखलात रुतायचो, वर फौजींची जखम सोलून निघायची, पण ते हूं का चूं करायचे नाहीत. तरी लोक कौतुक करायचे ते पाण्याचं कमी आणि माझंच जास्त. म्हाताऱ्या बाया वाकून मला हात लावायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग शहरातून नवा, हलका पाय आला आणि माझी रवानगी दाराआडच्या खुंटीवर झाली. काही वर्षं माझी आठवणसुद्धा कुणाला आली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खोटं उघडं पडायची भीती तेवढी कमी झाली होती.

यंदा तिसऱ्यांदा निवडणूक लागली. फौजींचा पुतण्या सोमेश प्रचाराची सगळी धावपळ बघत होता. त्यानं मला खुंटीवरून काढलं, तेल लावून चकचकीत केलं. मी हरखलो. म्हटलं, चला, आपली कुणाला तरी गरज पडली. मग त्याचा बेत कानावर आला. बाजारतळावरच्या सभेत काकांनी पायजमा वर करून हाच पाय दाखवायचा. नव्या पायाला बघून कुणाला गहिवर येत नाही म्हणे. वर सोमेशनं सीमेवरचा साक्षीदार म्हणून येडशीच्या नबीलालचाही पत्ता काढला होता. खरं काय ते सोमेशला कुठं ठाऊक होतं? माझ्या खिळ्याखिळ्यात धडकी भरली.

सभेच्या दिवशी सकाळीच नबीलाल आला. फौजी ओसरीवर मला बांधत होते. कुरतडलेला पट्टा काही बकलात जाईना. नबीलालनं खाली बसून तो लावून दिला.

"मी काय बोलू ते सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील ते बोलतो. फक्त तू समोर बसू नगंस. तुझ्या तोंडाकडं बघून मला न्हाय जमायचं."

फौजी उठून चालायला लागले. बाजारतळापर्यंतच्या वाटेवर दोनदा थांबले. दोन्ही वेळा मला वाटलं, आता माघारी वळतात.

मंडप भरला होता. पहिल्या रांगेत धुरपदाबाई, आल्यागेल्याला लेकाचं कौतुक सांगत. सोमेशनं नबीलालला बोलवलं. तो उठला. एवढ्यात फौजींनी माईक आपल्याकडं ओढला. मग खाली बसून त्यांनी माझा पट्टा सोडला आणि मला टेबलावर ठेवलं. म्हटलं, आता माझ्या तोंडून खोटी साक्ष.

"ह्यो पाय लढाईत गेला न्हाय," फौजी म्हणाले. "म्या चाकामागं दगड लावला न्हाय, म्हणून गेला. इतकी वर्षं सांगायची छाती झाली न्हाय. नबीलाल माझ्यापायी खोटं बोलाय तयार झाला, ते मला सोसंना."

मागून दोघंतिघं उठून गेले. सोमेशनं कपाळाला हात लावला. फौजी मात्र एकाच माणसाकडं बघत होते. धुरपदाबाई उठल्या. त्याही निघून जातात की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. पण त्या मंचावर चढल्या, मला उचललं आणि लेकाच्या पुढ्यात बसून पट्टा बांधायला लागल्या.

"पाय गेल्याचं दुःख व्हतं मला," त्या म्हणाल्या. "कुठं गेला, ह्याचं कधीच न्हवतं. ऊठ, सकाळपासून जेवला न्हायस."

फौजी एक्केचाळीस मतांनी पडले. आता कुणी मला हात लावून नमस्कार करत नाही. पण कालव्याच्या चढावर उसाची ट्रॉली थांबली, की ट्रॅक्टरवाला आधी खाली उतरतो आणि चाकामागं दगड लावतो. त्याला सगळे फौजीचा दगड म्हणतात. आणि फौजी मला पिशवीत घालून शाळाशाळांतून फिरतात, आज तुमच्याकडं आलेत तसे. आता रात्री लागते एवढी गाढ झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.

तुम्ही ट्रॉलीतला ऊस ओढायला मागं धावता, ते मला ठाऊक आहे. लाजू नका. फक्त मित्रांनो, ट्रॉली थांबली तरी आधी चाकामागं बघा. दगड नसला तर लांब व्हा, आणि कुणी मोठं माणूस असलं तर त्याला सांगा. तुमच्या मापाचा पाय कुणा मिस्त्रीला घडवायला लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.