आईचं तबक

आई गेल्यानंतर मराकेशच्या त्या घरातलं हे पहिलंच लग्न. पेटत्या मेणबत्त्या आणि चहाचे ग्लास मांडलेलं तबक डोक्यावर तोलून आई नाचायची. आता तो मान थोरल्या तामूचा. पण हम्मामच्या, गावच्या न्हाणीघराच्या, ओल्या फरशीवर पडल्यापासून तिचा गुडघा दगा देई.

"डोळे मिटून उभी राहा बघू. तुझी आई तशीच नाचायची," तिच्या डोक्यावर तबक ठेवत मावशी म्हणाली.

भिंतीवरच्या खिळ्यावर नजर ठेवून तामू सावरायची. डोळे मिटताच गुडघा लचकला, ग्लास किणकिणले.

"राहू दे गं बाई, नवरीला मेणानं आंघोळ घालशील!"

तबक धाकट्या इल्हामच्या डोक्यावर गेलं.

"अगदी आईच!" लग्नाच्या रात्री अंगणात बायका म्हणाल्या. तामूचा जळफळाट झाला. पडू दे एक ग्लास, एकच.

नाचता नाचता खाली बसलेली इल्हाम उठू लागली आणि तबक कललं. डोळे उघडून तिनं आधार शोधला. नजर तामूच्या चेहऱ्यावर खिळली. तामूनं नुसती मान फिरवली असती तरी तबक पडायला पुरे होतं. गुडघ्यात कळ उठली, पण ती जागची हलली नाही.

तबक सावरलं. बायकांनी इल्हामचा जयजयकार केला. तामूनं मग भिंत धरली. जळफळाट होता तिथंच होता.