मागच्या सीटखालचा घुं

मित्रांनो, मी एक जुना, जळालेला फ्युएल पंप आहे. नाव ऐकून रस्त्याकडेचा पेट्रोल पंप डोळ्यांसमोर आणू नका. तो बडी असामी, चोवीस तास दिव्यांत न्हाणारा! मी तुमच्या बाबांच्या मुठीत मावेन एवढाच. मोटारीच्या मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तिच्या पोटात मी राहायचो. पेट्रोल ढकलत इंजिनापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. आणि मी ज्याला ढकलायचो तेच पेट्रोल मला थंडही ठेवायचं.

किल्ली फिरली की इंजिनाच्या आधी मी जागा व्हायचो. क्षणभर ‘घुंऽऽ’ करायचो. एवढासा आवाज कोण ऐकणार? पण माझ्या डोक्यावरच्या सीटवर ठमी बसायची. तिला दवाखान्यातून घरी आणलं तेही याच सीटवरून. धड बोलता येत नव्हतं तेव्हापासून ती मला उत्तर द्यायची, “घुंऽऽ!” मग तिचे पाय सीटवर थाडथाड आपटायचे आणि आजी म्हणायची, “बाईसाहेबांची गाडी निघाली!”

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दुःख एकच होतं. ठमीचे बाबा टाकी कधी भरायचे नाहीत.

“अहो, लाल दिवा लागलाय,” ठमीची आई म्हणायची.

“तो नुसता धमकावतो गं. अजून पुष्कळ जाते गाडी.”

गाडी जायची, पण मी उघडा पडायचो. तापायचो. तळाचा गाळ माझ्या जाळीत अडकायचा आणि श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. हळूहळू माझ्या ‘घुं’ची ‘कुंई’ झाली. ती सगळ्यात आधी आईने ऐकली.

“मागून काहीतरी रडतंय.”

“तुला तर पान पडलं तरी आभाळ कोसळल्यासारखं वाटतं,” बाबा हसले आणि त्यांनी गाण्यांचा आवाज वाढवला.

सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने मात्र सीटला कान लावला. “वहिनी बरोबर म्हणतात. टाकी रिकामी ठेवता, त्याने हा होरपळलाय. जाळी बदलतो, पण पंपही आता बदलूनच टाका.”

“पुढच्या वेळी बघू,” बाबा म्हणाले.

“आणि वाटेत बंद पडला तर?” आईने विचारलं.

“टाकीला खालून लाकडाने ठोकायचं. कधी कधी उठतो. पण त्या भरवशावर राहू नका.”

“हिला कशाला सांगता? आता ही झोपायची नाही,” बाबा म्हणाले. सगळे हसले. आई हसली नाही.

मित्रांनो, आता ती दुपार सांगतो. बाबा कामावर गेले होते. गाडीचं दार धाडकन उघडलं. आजी ठमीला घेऊन माझ्या डोक्यावर बसली, आई पुढे स्टिअरिंगवर. ठमीने खेळण्यातला चपटा सेल गिळला होता.

“एक केळं दिलं असतं तर सरकला असता गं खाली,” आजी पुटपुटली.

“काहीही द्यायचं नाही, आई!” ठमीची आई सासूबाईंना म्हणाली. “डॉक्टरांनी फोनवर बजावलंय. अडकला असेल तर आतून भाजत जातो तो. एक एक मिनिट मोलाचं आहे.”

लाल दिवा सकाळपासून पेटलेला होता. मी जीव खाऊन ढकलत होतो. उड्डाणपुलाचा चढ लागला, उरलंसुरलं पेट्रोल मागे सरकलं आणि मी जवळजवळ कोरडा पडलो. माझ्या अंगातून आग गेली. मी थांबलो.

गाडीही थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. आईने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन नुसतं खोकत राहिलं.

“आई,” ठमी कशीबशी बोलली, “घुं नाही झालं.”

आईचा हात किल्लीवरच राहिला.

“आई, तुमची काठी द्या!” ती मागे वळून आजीला म्हणाली.

“काठी? कुणाला मारतेस बाई?”

“टाकीला! हँडब्रेक ओढलाय, गिअर काढलाय. मी ओरडले की पुढे वाकून किल्ली फिरवा.”

“मी? मी जन्मात कधी...”

“कपाटाची फिरवता तशीच!”

आई तापल्या डांबरावर आडवी झाली. टाकीवर काठी बसली. ठक्. मी ढिम्म. ठक् ठक्! माझ्या आत अडकलेलं काहीतरी हललं.

“फिरवा!”

आजीने किल्ली फिरवली. मी फिरलो.

“घुं झालं!” ठमी म्हणाली, आणि आजी आनंदाने रडायला लागली.

त्यानंतर मी काय ओढलं, कसं ओढलं, मला ठाऊक नाही. एवढंच ठरवलं होतं, की दवाखान्याच्या दारापर्यंत. तिथे पायऱ्यांजवळ मी थांबलो. मग कुणी कितीही ठोकलं तरी उठलो नाही.

सेल अन्ननलिकेतच अडकला होता. डॉक्टरांनी नळी घालून काढला. “आणखी थोडा उशीर झाला असता तर...” म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

काही दिवसांनी मेकॅनिकने सीट उचलली, झाकण उघडलं आणि मला बाहेर काढलं. बाबांनी मला हातात घेतलं. मी काळा पडलो होतो.

“याला मीच जाळलं,” ते म्हणाले. मग आईकडे वळले. “तू सांगत होतीस.”

“पुढच्या वेळी हसू नका. एवढंच.”

आता मी गॅरेजच्या फळीवर आहे. मला काढलं त्या दिवशी बाबांनी टाकी गळ्यापर्यंत भरली. नव्या पंपाने पहिल्यांदा आवाज दिला. त्याचा सूर वेगळा होता, चांगला खणखणीत. मग मागच्या सीटवरून, बसलेल्या घशातून, अगदी हळू उत्तर आलं, “घुंऽऽ.”

मित्रांनो, माझ्या नव्या भावाला तहानलेला ठेवू नका. पाव टाकी उरली की पेट्रोल भरा, जाळी वेळेवर बदला. आणि घरात कुणी म्हणालं, ‘आवाज वेगळा येतोय,’ तर गाणी मोठी करू नका. बंद करा, आणि ऐका.