दोन टिंब पाच

लातूरच्या एका प्रकाशनसंस्थेत दामिनी सकाळपासून संगणकाच्या पडद्यासमोर उभी होती. तीस वर्षं प्रुफं तपासलेल्या भुजंगकाकांना आणि नागुबाईंना ती नवं तंत्र शिकवत होती. जुन्या फाँटमधलं अख्खं पुस्तक एका बटणात नव्या फाँटमध्ये येतं म्हणे.

"एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं, हे आता बंद."

"मग आमी काय करावं, ताई? चहा ठेवावा का?" भुजंगकाका म्हणाले.

नागुबाई खुदकन हसल्या. दामिनीचं अर्धं चित्त मात्र घरी होतं. तिची आठ महिन्यांची लेक शिवानी कालपासून तापलेली. निघताना दामिनी सासूबाईंना, गुरम्मा आत्याबाईंना, सांगून आली होती, "ताप चढला तर ह्या पुस्तकात बघून औषध द्या." पुस्तक इथलंच, बाळाच्या आजारांवरचं, नुकतंच नव्यानं छापलेलं. दामिनीनंच ते बटण दाबून बदललेलं. म्हणून सरावालाही तिनं तेच घेतलं होतं.

पण जित्याची खोड! नागुबाईंनी जुनी प्रत उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केलीच. "तापाचं औषध, दोन टिंब पाच मिली."

भुजंगकाकांचं बोट पडद्यावर थबकलं. "हितं टिंब न्हाई. पंचवीस हाय."

दामिनीनं घरी फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"आत्याबाई, औषध दिलं?"

"हाव, दिलं की."

"किती?"

"पुस्तकात पंचवीस लिवलंय. म्हंजी पाच टोपणं! लेकराला औषध पाजायचं का आंघोळ घालायची? डॉक्टरनं मागं सांगितलं तेवढंच, अर्धं टोपण दिलं. झोपलीय."

दामिनीनं फोन ठेवला. रडू फुटणार तोच तिला आठवलं, सकाळीच पुस्तकांचा गठ्ठा एसटीनं अहमदपूरला गेलाय. तिकडच्या पोरी तिच्यासारख्याच शिकलेल्या. छापलेलं खरं मानणाऱ्या. आणि प्रत्येकीच्या घरी गुरम्मा थोडीच असणार?

तिनं लगेच अहमदपूरच्या दुकानदाराचा नंबर लावला. "गठ्ठा सोडू नका. एकही पुस्तक देऊ नका!"

"अजून सुतळी बी सोडली न्हाई, ताई," पलीकडून आवाज आला.

भुजंगकाकांनी पाण्याचा गिलास पुढं केला. मग जुनी प्रत तिच्या हातात दिली आणि स्वतः पडद्यावर बोट ठेवलं.

"वाचा, ताई. पहिल्या पानापासून. टिंबासकट."

दामिनी वाचू लागली.