ऐकू न आलेला हप्ता

बाळकुमच्या आवडाबाईचे दोन्ही कान डब्यांच्या कंपनीने खाल्ले. वर्षानुवर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी बसून ती जवळजवळ बहिरी झाली, तेव्हा कुठे कामगार विम्यातून तिला कानाचं मशीन मिळालं. नव्वद सालच्या उन्हाळ्यात ते बोंबलाच्या कालवणात पडलं. नवऱ्याने पळीने बाहेर काढलं, पण मशीनने प्राण सोडला होता.

कंपनीतल्या शालूला घेऊन आवडाबाई विम्याच्या दवाखान्यात गेली. खिडकीतल्या कारकुनाने कार्ड उलटंपालटं केलं.

"तुमच्या कंपनीचा हप्ता थकलाय. मशीन मिळणार नाही."

प्रेसच्या गोंगाटात जन्म काढलेली बाई ओठ वाचायला शिकतेच. आवडाबाईला पहिल्या झटक्यात सगळं कळलं. पगारातून विम्याचे पैसे तर दर महिन्याला कापले जात होते. पण चेहरा तिने भोळाभाबडा ठेवला.

"काय बोलतोस रे दादा? ऐकू नाय येत."

"हप्ता," कारकून आवाज चढवून म्हणाला.

"पोलिसाला देतात तो?"

रांग खिदळली. कारकून उठून उभा राहिला. "तुमच्या मालकाने पैसे कापले, पण भरले नाहीत."

"मालक मेला? काल तर पान खाऊन फिरत होता."

आता कारकून बेंबीच्या देठापासून ओरडला. कंपनीचं नाव, मालकाचं नाव, थकलेले महिने, सगळं अख्ख्या दवाखान्याने ऐकलं. रांगेत कंपनीतली आणखी माणसं होती. त्यांनी आपापली कार्डं पुढे केली. सगळ्यांची तीच रड.

मग सगळी वरात कंपनीत गेली. कुणीतरी प्रेस बंद केला. मालकाला सगळे भाऊ म्हणत. भाऊ आवडाबाईला बाजूला घेऊन पुटपुटले, "माल घेणाऱ्या पार्टीकडून पैसे आले नाहीत गं, म्हणून उशीर झाला. समजून घे."

आवडाबाईने कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला, भाऊ."

शांत पडलेल्या शेडमध्ये भाऊंना ते तीनदा मोठ्याने सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्याच दिवशी हिशेबनीस चेक घेऊन विम्याच्या ऑफिसात धावला.

घरी जाताना शालूने हातवारे करत विचारलं, "मावशी, तुला खरंच कळत नव्हतं?"

"सगळं कळत होतं. मला एकटीला कळून काय उपयोग?"

हप्ते भरले गेले तरी नवं मशीन यायला दिवाळी उलटली. तोवर ती लांबून दिसली की भाऊ वाट बदलत.